युरीच्या दिवशीचं पायताण

स्तारिये वरोता या गावाच्या नावाचा अर्थच मुळी जुनं फाटक. मोक्रिंका नदीच्या अलीकडच्या काठावर, गावातला रस्ता जिथे उताराला लागतो, तिथे ते उभं आहे. ओक लाकडाचे दोन जाडजूड खांब आणि त्यांच्यावर एक आडवी तुळई, एवढंच. डावीकडे कुंपण नाही, उजवीकडे भिंत नाही. गायी त्याला वळसा घालून पाण्यावर जातात, ट्रॅक्टरही वळसा घालून जातो. नव्या माणसाला वाटतं, कुणी तरी फाटक बांधलं आणि कुंपण घालायचं विसरून गेलं.

नोव्हेंबर सरता सरता संत युरीचा दिवस येतो. त्या दिवशी सकाळी गावातल्या घराघरातली सगळ्यात वडीलधारी बाई बाहेर पडते. तिच्या हातात एक दोरी असते आणि दोरीच्या टोकाला झाडाच्या सालीचं विणलेलं जुनं पायताण. एकच, जोडी नव्हे. ते बर्फातून ओढत ती फाटकापाशी येते, थांबते आणि मोठ्याने विचारते, "हे वर्ष बंद आहे का?" कुणी उत्तर देत नाही. ती थोडा वेळ उभी राहते आणि पायताण ओढत घरी परत जाते. गाणं नाही, घंटा नाही, प्रसाद नाही.

पाहुणे आले की गावातली कापितोलिना आजी त्यांना तिथे घेऊन जाते. "फोटो खुशाल काढा, पण हसू नका," एवढं बजावते आणि मग खांबाला टेकून सांगायला लागते. इतिहास लिहिणारे म्हणतात की हे सगळं घडायला दोन-तीन पिढ्या लागल्या. गावाच्या आठवणीत मात्र ते एकाच बाईच्या आयुष्यात घडलं. गाव सांगतं ते असं.

मॉस्कोत तेव्हा झार राज्य करत होता आणि त्याच्या शब्दावर दुसरा शब्द नव्हता. हे गाव त्याने सावा ओपारिन नावाच्या एका लहानशा सरदाराला तोडून दिलं होतं. फुकट नव्हे. झारचं बोलावणं आलं की घोडा, चिलखत आणि हत्यारबंद माणसं घेऊन ओपारिनने लढाईवर हजर व्हायचं, त्या बदल्यात गाव. ओपारिनचं पोट गावावर चालायचं आणि गाव शेतकऱ्यांच्या हातांवर.

शेतकरी त्या काळी अजून पुरता बांधला गेलेला नव्हता. वर्षातून एकदा, युरीच्या दिवसाच्या आगेमागे, त्याला मालक सोडून जायची मोकळीक असे. पीक घरात आलेलं, मालकाचा वाटा चुकता झालेला, जमीन गोठलेली. मग ज्याला जायचं तो सामान बांधून दुसऱ्या मालकाच्या जमिनीवर जाई. पुष्कळसे कुठेच जात नसत. पण जाता येतं, एवढ्या आधारावर माणूस वर्ष काढत असे.

फेतिन्या ही याच गावातल्या नेचाय नावाच्या शेतकऱ्याची बायको. बांध्याने ठेंगणी, जिभेने फटकळ, कामाला दोघींना भारी. तिला एकच मुलगी, उलीता. उलीताला नदीपलीकडच्या गावात दिली होती. ती जमीन मठाची होती आणि मठाचे महंत ओपारिनपेक्षा पुष्कळ बरे, असं लोक म्हणत. नदी काही रुंद नव्हे. फेतिन्याच्या अंगणातून लेकीच्या घराचा धूर दिसायचा. तरी निघताना उलीता आईच्या गळ्यात पडून इतकी रडली, की फेतिन्याने चुलीवरची भाकरी हातात घेऊन शपथ घेतली. "येत्या युरीला आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येतो. आपल्या म्हाताऱ्यालाही घेऊन येते. आता पूस ते डोळे."

म्हातारा म्हणजे घराचा राखणदार. तो चुलीमागे राहतो, कुणाला दिसत नाही, गुराढोरांवर नजर ठेवतो, लेकरांना झोपेत पांघरूण घालतो. त्याच्यासाठी रोज लापशीची एक वाटी चुलीमागे ठेवायची. घर बदलताना त्याला मागे टाकून गेलं तर घराचं वाटोळं होतं. म्हणून घरातल्या वडील बाईने चूल विझवायची, जुनं पायताण तिच्यापाशी ठेवायचं आणि म्हणायचं, "आजोबा, नव्या घरी जायचंय, बसा." मग मागे न बघता ते पायताण दोरीने ओढत न्यायचं. म्हातारा त्यात बसून येतो.

युरीचा दिवस उजाडला. नेचायने बर्फावरच्या घसरगाडीत पेटी चढवली, चरखा चढवला, कोंबड्यांची टोपली बांधली, मागे गाय बांधली. फेतिन्याने चूल विझवली, म्हाताऱ्याला बोलावलं आणि पायताण ओढत ती रस्त्याला लागली. सगळं रीतीप्रमाणे झालं. नदीच्या उताराशी पोचले, तर तिथे ओपारिनचा नोकर गूरी दोन्ही हात पसरून उभा.

"मागे फिरा! झारचा हुकूम आलाय. हे वर्ष बंद. कुणी मालक सोडायचा नाही."

"बंद म्हणजे काय?" नेचायने विचारलं.

"बंद म्हणजे बंद. लढाया झाल्या, लोक मेले, शेतं ओस पडली. सरदारांकडे राबायला माणूस उरला नाही. मला काय विचारता? मी हुकूम सांगणारा." मग फेतिन्याचा चेहरा बघून तो जरा खाली आवाजात म्हणाला, "या वर्षापुरतंच आहे, बाई. पुढच्या वर्षी जा."

ते परत आले. घर थंडगार पडलं होतं. फेतिन्याने शेजारणीकडून निखारा आणला, चूल पेटवली आणि पायताण चुलीमागे ठेवून ती म्हणाली, "आजोबा, उतरा. पुढच्या वर्षी जाऊ." पण एकदा घर सोडून निघालेला राखणदार पुन्हा तिथे मन लावत नाही, असं सांगतात. त्या हिवाळ्यात घराचं दार काही केल्या लागेना. लावलं की थोड्या वेळाने आपोआप उघडायचं. दूध नासायचं. पहाटे घोड्याच्या आयाळीत जटा सापडायच्या.

पुढच्या वर्षीचा युरीही बंदच निघाला. त्याच्या पुढचाही.

कुणी 'कधीच नाही' असं सांगितलं असतं, तर फेतिन्या एकदाच काय ती धाय मोकलून रडली असती आणि मग नांगराला लागली असती. पण दर वर्षी तेच: या वर्षापुरतं. छपराचं गवत कुजलं होतं, पाणी गळायचं. पण निघायचंच आहे तर नवं छप्पर कशाला घाला? विहिरीचा कठडा खचला होता. बांधावा तर तो दुसऱ्याच कुणासाठी. वसंतात कांदे लावताना वाटायचं, हे खाणार कोण? गावातल्या निम्म्या घरांचं असंच झालं होतं. राहायला मन होत नव्हतं आणि जायला मुभा नव्हती. माणसं अंगणात उगाच एकमेकांवर खेकसायची. कुत्र्याला लाथ बसायची आणि ती कशासाठी बसली, ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

मग काही जण पळाले. ओपारिनने काठाकाठाने उंच कुंपण घालायचा हुकूम केला आणि रस्त्यावर फाटक. ओक तोडायला, तासायला माणसं गावातलीच. नेचायच्या वाट्याला एक खांब आला. तो तासून संध्याकाळी घरी आल्यावर त्याने कुऱ्हाड दाराच्या चौकटीत अशी हाणली, की ती काढायला दोन माणसं लागली.

कुंपण झाल्यावर नदीच्या बर्फावर पाऊल टाकायची किंवा पलीकडून इकडे यायचीही बंदी झाली. नदीपलीकडे उलीताला मूल झालं. फेतिन्या कुंपणाच्या फटीतून बघायची. पलीकडच्या काठावर लाल शालीत गुंडाळलेलं काही तरी घेऊन उलीता उभी असायची. हाक वाऱ्यात विरून जायची, हलवलेला हात तेवढा दिसायचा.

"पळू या," नेचाय म्हणाला. "वरच्या अंगाला जंगलातून वाट आहे."

"चोरासारखं?" फेतिन्या उसळली. "तो दिवस आपला हक्काचा आहे. माझ्या आज्यापणज्यांना होता. मी उजळ माथ्याने जाईन, माझी गाय घेऊन जाईन."

"अगं, दिवस राहिलाय कुठे? तुझ्या तोंडात राहिलाय फक्त!"

त्या शरदात नेचाय एकटाच गेला. पलीकडे नाही, पकडलं जायचं ते पहिलं ठिकाण, म्हणून तो दक्षिणेच्या मोकळ्या माळाकडे निघाला होता. ओपारिनच्या माणसांनी त्याला घोड्यामागे बांधून परत आणला आणि फाटकापाशी, त्यानेच तासलेल्या खांबाला बांधून, सगळ्या गावादेखत चाबकाने फोडला. तो वाचला, पण उठला तो वेगळाच माणूस. नदीकडे तोंड करून बसत नसे. दोन हिवाळ्यांनी तो वारला. त्याला निजवलेल्या फळीपाशी बसून फेतिन्या पुटपुटत होती, "आले असते रे, आले असते." पण आली असती की नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या युरीला तिने एकटीने घसरगाडी भरली आणि एकटीने ओढत फाटकाशी आणली.

"हे वर्ष बंद आहे का?" तिने विचारलं.

गूरी वैतागला. "बंद आहे हे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक नाही. तू सांग."

"बंद आहे!"

"ठीक आहे," असं म्हणून ती परत गेली आणि सगळं सामान तिने उतरवून ठेवलं. पुढच्या वर्षी आणखी दोघी तिच्यामागे आल्या. मग पुष्कळ आल्या. ओपारिनने घसरगाड्यांवर बंदी घातली, तर बायका पाठीवर गाठोडी घेऊन आल्या. गाठोड्यांवर बंदी आली, तेव्हा फेतिन्या नुसतं पायताण ओढत आली.

"रिकामं पायताण ओढायलाही मनाई आहे का रे?"

गूरी वाड्यावर जाऊन विचारून आला. तसला काही हुकूम नव्हता.

एका वर्षी युरीच्या दिवशी ओपारिन स्वतःच फाटकाशी आला. तो नुकताच लढाईवरून परतला होता. डाव्या हाताची बोटं गेली होती, चेहरा फिक्कट पडला होता. घोड्यावरूनच त्याने विचारलं, "फेतिन्या, दर वर्षी हा काय तमाशा लावलायस?"

ती पुढे आली, कमरेतून वाकली आणि म्हणाली, "मालक, एकदाच स्पष्ट सांगा. कधीच जायचं नाही, असं सांगा. मी हे पायताण चुलीत घालते आणि छप्पर शाकारून घेते."

ओपारिनने घोड्याच्या मानेवर हात फिरवला. "मला काय ठाऊक? मॉस्कोहून दर वर्षी हुकूम येतो. उद्या सोडा म्हणाले तर सोडीन. तू गेलीस, तुझ्यामागून बाकीचे गेले, तर शेतं कोण करणार? शेतं पडली की माझा घोडा नाही, चिलखत नाही. ते नाही तर झार जमीन काढून घेणार. मग मी भीक मागू?" त्याने बोटं नसलेला हात वर केला. "हा बघ. झारला अर्ज करतो तेव्हा मी सही काय करतो, माहीत आहे? 'आपला गुलाम सावका.' सावासुद्धा नाही, सावका, पोरासोराला हाक मारावी तसं! तुला मी धरलंय, मला त्याने धरलंय."

"आणि त्याला कुणी धरलंय?" फेतिन्याने विचारलं.

ओपारिनने दचकून आधी गूरीकडे बघितलं, मग जमलेल्या बायकांकडे. "तोंड बंद कर," तो म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत घोडा वळवून निघून गेला. तिला त्या प्रश्नाबद्दल फटके बसले नाहीत. तो प्रश्न आपल्या फाटकाशी विचारला गेला, हेच त्याला कुणाला कळू द्यायचं नव्हतं, असं सांगतात.

वर्षं गेली. ओपारिन मेला, त्याचा मुलगा मालक झाला. फेतिन्याची पाठ वाकली. पलीकडच्या लाल शालीतलं मूल बाप्या झालं, त्याला दाढी आली. तीही तिने फटीतूनच पाहिली. आणि एका वसंतात देवळासमोर झारचा नवा कायदा वाचून दाखवण्यात आला. शेतकरी जिथे आहे तिथलाच. तो, त्याची मुलं, मुलांची मुलं. पळालेल्याला किती का वर्षं होईनात, हुडकून परत आणायचं, आणि त्याला आसरा देणाऱ्याला जबर शिक्षा करायची. युरीच्या दिवसाचं त्यात नावच नव्हतं. बंद आहे असंही म्हटलं नव्हतं. जणू तो दिवस कधी नव्हताच.

नोव्हेंबर आला. फेतिन्याने चूल विझवली, म्हाताऱ्याला बोलावलं आणि पायताण ओढत ती नदीकडे निघाली. फाटकाशी पोचली, तर फाटक सताड उघडं. पहारा उठवला होता. कायदाच माणसांना धरून ठेवणार, तर पहारेकऱ्याला भाकरी कशाला घाला, असा नव्या मालकाचा विचार.

"हे वर्ष बंद आहे का?" तिने विचारलं.

उत्तर द्यायला कुणी नव्हतं. समोर उतार, उताराखाली गोठलेली नदी, पलीकडे लेकीचा धूर. इतकी वर्षं तिने रोज रागाने ज्याची आठवण काढली, तो नकार द्यायलाही आता माणूस नव्हता. तिने पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं. मागे उभ्या असलेल्या बायका रडू लागल्या, तशी ती त्यांच्यावरही ओरडली.

मग ती तडक गूरीच्या घरी गेली. तोही म्हातारा झाला होता, चुलीशी पाय शेकत बसला होता. तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "चल, उत्तर दे."

"अगं बाई, माझं तिथलं काम सुटलं."

"माझं नाही सुटलं. चल."

तो कुरकुरत आला आणि सवयीने फाटकात उभा राहिला. तिने विचारलं, "हे वर्ष बंद आहे का?"

गूरीने बंद आहे म्हणावं, तर पुढचं वर्ष उघडेल असा अर्थ झाला असता. उघडं आहे म्हणायची सोय नव्हती. त्याने टोपी काढली. "मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "फाटक उघडं आहे. तू गेलीस तर तुला मी अडवणार नाही. पण उद्या ते पलीकडे येतील, तुला परत आणतील आणि तुझ्या जावयाच्या पाठीचं सालडं काढतील."

फेतिन्या खांबाला धरून खाली बसली. नेचायने तासलेला तो खांब. ती म्हणाली, "गूरी, तो कायदा तू ऐकलास ना? त्यात शेतकरी आहे. त्याची बायकामुलं आहेत. घरातला म्हातारा आहे का?"

गूरीने आठवून पाहिलं. "नाही. त्याचं नाव नव्हतं."

"मग तो कुणाचा नाही."

ती उठली. पायताणाची दोरी तिने हातातून सोडली. "आजोबा," ती म्हणाली, "माझ्याच्याने होत नाही. तुम्ही जा. लेकीला शब्द दिलाय." आणि पायाने ते पायताण तिने उतारावरून खाली ढकललं. ते घरंगळत बर्फावर गेलं. वारा अलीकडून पलीकडे वाहत होता. काही म्हणतात वाऱ्याने नेलं. बायकांनी मात्र शपथेवर सांगितलं, की मध्ये वारा पडला तरी पायताण थांबलं नाही, कुणी आत बसून हाकत असल्यासारखं सरळ पलीकडच्या काठाला लागलं.

फेतिन्या घरी परतली. तिने दार लावलं, आणि ते लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते लागलेलं राहिलं. दूध नासलं नाही. चुलीमागून खुट्ट असा आवाज आला नाही. तिला ती शांतता सोसवेना. ती स्वतःच उठून दार उघडायची आणि उघड्या दारात बसायची. त्या हिवाळ्यानंतर ती फार दिवस होती असं कुणी सांगत नाही.

पलीकडे उलीताच्या घरात मात्र त्याच दिवसापासून झोप उडाली. चुलीमागे धडाधड आवाज, भांडी खाली, मांजर घरात यायला तयार नाही. तिची म्हातारी सासू हातात झाडू घेऊन उभी राहिली. "दोन राखणदार एका चुलीमागे नांदत नाहीत. कुठून तरी परका घुसलाय. हाकलून देते." उलीताने उंबऱ्याजवळ बर्फाने भिजलेलं एक पायताण पाहिलं. कडेला दुहेरी वीण होती. तशी वीण तिने एकाच बाईच्या हातची पाहिली होती. तिने सासूच्या हातातला झाडू काढून घेतला.

"राहू दे त्याला, आई," ती म्हणाली. "माझ्या माहेरचा आहे."

आणि तिने चुलीमागे लापशीची दुसरी वाटी ठेवली. भांडण काही थांबलं नाही. फक्त तिने ते ऐकत झोपायची सवय करून घेतली.

कापितोलिना आजी इथवर येऊन थांबते. कुंपणाचं काय झालं, असं कुणी तरी विचारतंच. ते लोकांनी हळूहळू जळणाला नेलं. फाटकाला मात्र कुणी हात लावला नाही, कारण प्रश्न विचारायला जागा हवी. पुढे झारांनी माणसं मोकळी केली, मग झारही गेले. पण या गावाला कुठे तरी जाण्यासाठी नेहमीच कुणाची तरी परवानगी लागत राहिली, असं ती म्हणते, आणि कुणाची ते सांगत नाही. आता नदीवर पूल आहे. तरणी पोरं सकाळच्या बसने शहरात जातात, कुणाला न विचारता.

फेतिन्याचं बघून बाकीच्या बायकांनीही आपापले म्हातारे पलीकडे दिलेल्या लेकींकडे धाडले, असं सांगतात. या काठावरच्या कुठल्याही घरात चुलीमागे वाटी ठेवत नाहीत, ठेवायची कुणासाठी? पण आजही पलीकडच्या गावात जा. कुठल्याही घरात चुलीमागे लापशीच्या दोन वाट्या दिसतील. आणि भिंतीआडून भांडणाचा आवाज आला, की तिथल्या बायका हातातलं काम थांबवतात आणि एकमेकींना म्हणतात, "ऐक, माहेरचे बोलतायत."